लाल रकान्यातली सून

६ जानेवारी, सोमवार

करिष्मा नापास झाली. लेखी पेपरात नाही, वजनकाट्यावर.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आली ती चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, सुपरवायझर काही बोलला असेल. शिलाई मशीन थांबवून पाणी दिलं, तर तांब्या नुसता हातात धरून बसली. मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. चाकणला तिच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायला बायका घेणार आहेत. कंत्राटदाराकडून नव्हे, कंपनीच्या पटावर, कायम. या घरात सून होऊन आल्यापासून पोर याचीच वाट बघतेय. ट्रेनिंग झालं, पेपर झाला, गाडी हातात बसली. आज मेडिकल होतं. काट्यावर उभं केलं, उंची घेतली आणि कॉम्प्युटरनं एक आकडा काढला. त्याला बीएमआय म्हणतात. भिंतीवर रंगीत तक्ता लावलाय, हिरवा रकाना, पिवळा रकाना, लाल रकाना. हिचा आकडा अठ्ठावीस, म्हणजे लाल. कंपनीला सव्वीसच्या आत पाहिजे. मार्चच्या शेवटी परत मोजणार. तेव्हाही लाल निघाली तर जागा दुसरीला.

माझा गणराज, तिचा नवरा, भोसरीहून कामावरून आला, त्याला सांगितलं. म्हणाला, "गाडी तीन टन उचलती, आन् हिचं वजन तिला जड होतंय व्हय?" तो एकटाच हसला.

माझी सून अंगानं भरलेली आहे, हे खरं. खेड तालुक्यात कांद्याच्या घरात वाढली. बापाबरोबर चाकणच्या बाजारात गोण्या चढवल्या-उतरवल्या, शाळेत गोळाफेकीत पहिली यायची. खांदे रुंद, मांड्या भक्कम. लग्नातलं पहिलं ब्लाउज मीच शिवलं तिचं. त्या खांद्यांखाली कंबर इतकी आत होती, की माझी चूक झाली असं समजून मी टेप दुसऱ्यांदा लावला होता.

असो. चूल माझ्या ताब्यात आहे. मार्चपर्यंत हिला हिरव्यात नेऊन बसवते की नाही बघाच.

९ जानेवारी, गुरुवार

आज जयमालाकडं गेलो दोघी. समोरच्या टॉवरमध्ये राहते, मूळची लातूरकडची, माझं जुनं गिऱ्हाईक. सकाळी टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये बायका जमवून वजन उतरवायचा वर्ग घेते. पावडर पाण्यात कालवून देते, टाळ्या वाजवायला लावते, आणि तिच्याकडं काटा आहे, त्यातून चिठ्ठी निघते. करिष्माची चिठ्ठी लालच निघाली. जयमालानं मान हलवली, डॉक्टरसारखी.

मग माझ्याकडं वळली. "काकू, तुम्ही पण चढा की."

मी कशाला, असं म्हणत चढले. बावीस! हिरवा रकाना, अगदी मधोमध. जयमालानं सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. "बघा गं, साठी उलटली तरी कशा काडीसारख्या हायेत काकू. काही डाएट नाही, काही नाही." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. चौथी शिकलेल्या बाईला टाळ्या कधी मिळतात? माझे हातपाय पहिल्यापासून काडीच आहेत. पोट थोडं आहे, पण दोन बाळंतपणं झालेल्या बाईला तेवढं असायचंच.

आकडा कसा काढतात तेही जयमालानं सांगितलं. वजनाला उंचीनं भागायचं, जे येईल त्याला परत उंचीनं भागायचं. झालं. घरी येताना मनात आलं, कुणी मला फोनवर नुसतं वजन आणि उंची सांगून ब्लाउज शिवा म्हणालं, तर मी शिवीन का? छाती किती, कंबर किती, मुंढा किती, हे नको का कळायला? एकाच वजनाच्या दोन बायका आल्या तर एकीचं ब्लाउज दुसरीला चढायचं नाही. पण ही डॉक्टर लोकांची गोष्ट आहे. सगळीकडं आपलं शिवणकामाचं डोकं चालवू नये.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

करिष्माला अर्धा तिळगूळ दिला. अर्धा माझ्याच तोंडात टाकला, दुसरं काय करणार?

आता नियम केलाय. सकाळी तिला एकच भाकरी, डब्यात भाजी आणि काकडी, रात्री भाकरी नाही. तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. ती मुकाट्यानं ऐकते. हात मात्र सवयीनं ताटलीकडं जातो आणि अर्ध्यावरून परत येतो, ते मला बघवत नाही.

पण वर्षानुवर्षांचा हात, पीठ काही कमी मळलं जात नाही. तिच्या वाटच्या दोन भाकऱ्या टोपलीत राहतातच. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. माझ्या सासूबाई पातेलं बोटानं पुसून घ्यायच्या, तेव्हा कुठं ते घासायला टाकायच्या. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईनं उरलंसुरलं संपवायचं, ही रीतच. मी दुधात गूळ घालून भाकरी कुस्करते आणि संपवते. मला काय, मी हिरव्यातली.

२३ जानेवारी, गुरुवार

लग्नसराईची ब्लाउजं आली आहेत, त्यामुळं लिहायला सवड नाही.

नाडीचं नवं बंडल फसवं निघालं. नेहमीच्या मापानं तोडून माझ्या परकरात घातली, तर गाठ मारायला टोकच उरेना. सूत आटत असणार. आजकाल कशातच राम राहिला नाही. पुढच्या वेळी दुकान बदलायचं.

करिष्माचं वजन अर्धा किलो उतरलं. अर्धाच.

२ फेब्रुवारी, रविवार

जयमालाच्या काट्यावर परत गेलो. करिष्मा तिथल्या तिथंच. आणि मी? काही न करता दोन किलो उतरले! जयमालानं माझा फोटो काढून तिच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी फुलं पाठवली.

येताना करिष्मा मागं मागं चालत होती. मी म्हटलं, अगं मन लावून कर, होईल. तर म्हणाली, "तुमाला काय आई, तुमी हिरव्या. तुमचं खाल्लेलं कुठं जातंय देव जाणे. माझं पाणी पण अंगाला लागतंय."

टोमणा होता, पण त्यात विष नव्हतं. तरी मला टोचला. या पोरीनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ही जागा गेली तर ती पुन्हा कंत्राटदाराच्या दारात जाईल. दर काही महिन्यांनी ब्रेक, परत नवीन कार्ड, परत साहेबाचं तोंड बघणं. जागा गेली तर ती काही बोलणार नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

मोरीत मुंग्या फार झाल्यात. हळद टाकली, खडू मारला, तरी सकाळी परत रांग लागलेली. गूळ तर कुणी सांडत नाही तिथं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका गिऱ्हाइकाची बाही उलटी कापली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढं धुकं येतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

तहान सारखी लागते. ऊन यंदा लवकर तापलं. माठ दिवसातून दोनदा भरते. पाणी जास्त म्हणून रात्री मोरीत जायला उठावंही लागतं. करिष्मा म्हणाली, आई, तुमी रातभर उठ-बस करता. मी म्हटलं, म्हातारपण आहे, दुसरं काय.

तिचं काही खरं दिसत नाही. गालफडं बसली, डोळ्यांखाली काळं आलं, पण आकडा जागचा हलेना. वजन जायचं तिथून जात नाही आणि नको तिथून जातंय, असं वाटतं. हे मी कुणाला विचारू? जयमालाला विचारलं, तर म्हणाली रात्रीची भाजी पण बंद करा.

केली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज देवापुढं दिवा लावताना काय मागावं तेच कळेना. सुनेनं कमी व्हावं म्हणून देवाला साकडं घालणारी मी पहिलीच सासू असेन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन झाकून ठेवलं आणि लिहायला बसले.

कंपनीत फोर्कलिफ्ट चालवण्याचा सराव होता. करिष्मा खोकी रचलेलं पॅलेट उचलून वळत होती. डोळ्यांपुढं अंधारी आली, ब्रेकवर पाय पडायला उशीर झाला आणि गाडीचे दात रॅकला लागले. वरची खोकी खाली आली. कुणाला लागलं नाही. पण एक माणूस तिथून नुकताच पलीकडं गेला होता. नुकताच.

सुपरवायझरनं चौकशीचा कागद भरून घेतला. विचारलं, काय झालं? हिनं खरं सांगितलं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो म्हणाला, तुला वजन कमी करायला सांगितलंय, उपाशी मरायला कुणी सांगितलं?

कुणी सांगितलं, ते या डायरीला माहीत आहे.

गणराजला कळलं तेव्हा तो माझ्यावर कधी नव्हे तो आवाज चढवून बोलला. "आई, गोण्या उचलून वाढलेलं अंग हाय तिचं. त्याला तू काकडीवर ठेवलंस." करिष्मानंच त्याला गप्प केलं. म्हणाली, त्यांचं काय चुकलं, मला पण तेच पाहिजे होतं.

मी वाढून दिलेली भाकरी तिनं खाल्ली नाही. आता तिलाच भीती बसलीय खायची. उद्या महाशिवरात्र. उपास कर म्हणू की करू नको म्हणू? टोपलीतल्या भाकऱ्या तशाच होत्या. त्या मी खाल्ल्या.

६ मार्च, गुरुवार

करिष्माची दुसरी शिफ्ट होती म्हणून दुपारपर्यंत घरी होती. फरशी पुसत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, आई, हे कशाचं? शिलाई मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत लाल ठिपके होते, एक पाऊल सोडून एक.

मी आधी तिच्याच पायाकडं बघितलं. मग कळलं, रक्त माझं होतं. टाचेत टाचणी होती, डोक्यापर्यंत गेलेली. मी ती घेऊन घरभर फिरत होते, चहा केला होता, नळाचं पाणी भरलं होतं.

करिष्मानं माझा पाय मांडीवर घेतला आणि टाचणी ओढून काढली. मी हसत होते. शिवणाऱ्या बाईच्या पायात टाचणी नाही तर काय रुपया सापडणार? ती हसली नाही. तळव्यावर अंगठा दाबत गेली.

"हितं दुखतंय?"

"नाही गं."

"आन् हितं?"

"दाबतेस का नुसता हात ठेवलायस?"

तिनं मान वर केली. मला वाटलं माझं काही चुकलं. तिचं नख माझ्या तळव्यात रुतलं होतं, खूण उठली होती. म्हणाली, किती दिवस असं हाय? मी म्हटलं, पायाला कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं कधी कधी, चप्पल निसटली तरी कळत नाही, वयामुळं असेल. मग ती उठून मोरीत गेली. बराच वेळ मुंग्यांच्या रांगेकडं बघत उभी राहिली. तिच्या आजोबांच्या वेळी घरात असंच झालं होतं म्हणाली. काय झालं होतं, ते सांगितलं नाही.

उद्या दवाखान्यात जायचं म्हणते. नवीन जागेचं घोंगडं भिजत पडलेलं असताना सुट्टी घेते म्हणते. मी नको म्हटलं. ऐकेना.

७ मार्च, शुक्रवार

महापालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. वाटेत मी दुसऱ्या दुकानातून नाडीचं बंडल घेतलं. म्हटलं, जातोच आहोत तर एक काम होईल.

डॉक्टर मॅडम तरुण आहेत, पण बोलतात शांत. आधी पाय बघितला, मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावर तीनशेच्या वरचा आकडा आला. मॅडमनी विचारलं, तहान लागते का? रात्री उठावं लागतं का? डोळ्यांपुढं अंधुक दिसतं का? वजन आपोआप उतरलं का? मी प्रत्येकाला हो म्हणत होते आणि प्रत्येकाचं कारणही देत होते. ऊन. माठ. चष्मा. करिष्मा माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती.

मॅडम म्हणाल्या, साखरेचा आजार आहे आणि आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा असणार. पाय बधिर झालेत त्यानंच. जखम जपायला लागेल, फार जपायला लागेल.

मी पिशवीतून जयमालाची चिठ्ठी काढली. म्हटलं, मॅडम, काहीतरी चुकतंय, मी हिरव्यात आहे. ही माझी सून लालमध्ये आहे, तपासायचं तर हिला तपासा.

त्यांनी चिठ्ठी नीट बघितली, हसल्या नाहीत. माझ्या पिशवीतलं नाडीचं बंडल दिसलं, ते मागितलं. एक टोक माझ्या पायाखाली धरलं, डोक्यापर्यंत नेलं आणि तेवढी नाडी तोडली. मग ती निम्म्यात दुमडली आणि म्हणाल्या, ही आता बेंबीवरून कंबरेभोवती यायला पाहिजे, ओढाताण न करता.

आली नाही. दोन टोकांमध्ये करिष्माचा अख्खा पंजा बसला असता.

मग तसंच करिष्माचं केलं. तिच्या उंचीची नाडी, निम्म्यात दुमडून. टोकाला टोक लागलं आणि वर दोन बोटं उरली. तिचं ब्लडप्रेशर बघितलं, बोटाला टोचलं. सगळं ठीक. कंपनीच्या मेडिकलचे कागद तिनं पर्समध्ये आणले होते, तेही वाचले. म्हणाल्या, वजन हाडामांसाचं आहे, खांद्यात आणि मांड्यांत आहे. या मुलीला उपाशी ठेवू नका.

मग माझ्याकडं वळल्या. "काकू, काट्याला किती ते कळतं. कुठं ते कळत नाही. तुमचं सगळं पोटात आहे, आतमध्ये. हातपाय बारीक म्हणून कुणाला दिसलं नाही."

चिठ्ठी मी परत पिशवीत ठेवली. का ठेवली, मला माहीत नाही.

८ मार्च, शनिवार

मॅडमचं काहीतरी चुकलं असेल. नाडी नवीन होती, ताण बसत असेल.

सगळे बाहेर गेल्यावर मी आरशापुढं उभी राहिले आणि गळ्यातला टेप काढून स्वतःला लावला. रावेतच्या जुन्या गावातल्या आणि आता टॉवरमधल्या शेकड्यांनी बायकांची मापं मी घेतली असतील. स्वतःचं कधी घेतलं नाही. माझं ब्लाउज मी जुन्या ब्लाउजवर ठेवून कापते, शिवण जरा सोडते, झालं. परकराला काय, नाडी. नाडी कुणाला ओरडून सांगत नाही, नुसती सैल होत जाते.

पस्तीस.

दुसऱ्यांदा लावला. पस्तीस. करिष्माच्या लग्नातही मी टेप दोनदा लावला होता, ते आठवलं. तेव्हा हसले होते.

१३ मार्च, गुरुवार, होळी

गोळ्या सुरू आहेत. पायाला रोज पट्टी. जखम ओलीच आहे.

पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांसाठी. मी फक्त वास घेतला. गणराजनं आणि करिष्मानं खाल्ल्या. म्हणजे करिष्मानं अर्धी खाल्ली. तिला मॅडमनी नीट सांगितलंय, पण कंपनीचा तक्ता मॅडमनी थोडाच लावलाय? ती म्हणते, आई, त्यांच्याकडं नाडी न्हाई, काटाच हाय. तिचं बरोबर आहे. म्हणून तर झोप लागत नाही.

मॅडमनी लिहून दिलेला कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. तपासणी पंचवीस तारखेला आहे.

उरलेल्या पोळ्यांकडं माझा हात गेला. सवयीनं गेला. करिष्मानं डबा उचलून कपाटावर ठेवला.

२२ मार्च, शनिवार

करिष्माला लाइनवरच्या पोरींनी शहाणपण शिकवलंय. तपासणीच्या आधी दोन दिवस पाणी प्यायचं नाही, गरम पाण्याच्या वाफेत बसायचं, दोन-तीन किलो जातात. पैलवान लोक करतात म्हणे. माझ्यापासून लपवलं होतं. सकाळी तिचा तांब्या भरलेलाच बघितला म्हणून कळलं.

मी तिच्यासमोर बसले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, मला हिरवा रकाना मिळाला, टाळ्या मिळाल्या, आणि टाचणी लागलेली कळली नाही. तुला लाल मिळाला आणि तुला सगळं लागतं, सगळं कळतं. तू परत अंधारी येऊन गाडीवरून पडलीस तर मी तुझ्या आईला काय सांगू? जागा गेली तर जाऊ दे.

ती म्हणाली, "तुमाला सोपं हाय म्हणायला."

सोपं नव्हतं. पण तिनं तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी तिला दोन भाकऱ्या वाढल्या, पिठलं, वर चमचाभर तूप. ताटावरून ती उठेपर्यंत मी समोरून हलले नाही. मग ती बसला गेली. कंपनीच्या बसेस एकामागून एक निघून गेल्या. तिची कुठली होती तेही मला दिसलं नाही, डोळे अजून स्वच्छ नाहीत.

दिवसभर एक काज सरळ झालं नाही.

संध्याकाळी आली. चप्पल काढून आत आली, एवढ्यावरूनच मी अर्धा श्वास सोडला. आकडा सत्तावीस आणि वर काही. लालच. पण आज स्वतः डॉक्टर बसले होते, मागच्या वेळी नुसता कॅम्प होता. हिनं दवाखान्याचा कागद पुढं केला. त्यांनी वाचला, टेप मागवला, कंबर मोजली, जिना चढायला-उतरायला लावला, नाडीचे ठोके बघितले. रॅकचं काय झालं ते विचारलं. हिनं खरं तेच सांगितलं, उपाशी होते. आज काय खाल्लंस विचारलं. दोन भाकऱ्या, पिठलं, तूप. ते हसले म्हणे.

तक्त्यात कंबरेला रकानाच नाही, म्हणून त्यांनी समासात लिहिलं, काम करायला योग्य. पण शेवटचं कंपनी ठरवणार. समासात लिहिलेलं कुणी वाचतं का, कोण जाणे.

२७ मार्च, गुरुवार

फोन नाही.

दवाखान्यात पट्टी बदलली. मॅडम म्हणाल्या, कडा जरा सुकतायत, पण अजून काही सांगता येत नाही. आल्या आल्या करिष्मानं पहिलं तेच विचारलं. मीही तिला पहिलं तेच विचारलं. दोघींचं उत्तर एकच, अजून काही नाही.

जयमाला येऊन गेली. ग्रुपवरचा माझा फोटो काढून टाकते म्हणाली, तिला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, राहू दे, फक्त खाली लिही, या बाईची साखर तीनशेच्या वर होती. ती तोंडावर हात ठेवून बसली. जाताना तिनं माझ्याकडून नाडीचा लांब तुकडा मागून नेला.

३० मार्च, रविवार, पाडवा

काल दुपारी फोन आला. करिष्माचं नाव लागलं. पुढच्या महिन्यात कंपनीच्या पटावर, पहिले सहा महिने बघणार, मग कायम. फोन ठेवल्यावर ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात आम्हाला ऐकू येणार नाही असं तिला वाटलं. गणराज आणि मी एकमेकांकडं बघत तसेच बसलो.

आज गुढी उभारली. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरणभात. गणराजनं सगळ्यांची ताटं वाढली. सण म्हणून माझ्या ताटात पण चार पुऱ्या, श्रीखंडाची वाटी आणि भाताचा डोंगर. मी पायावरची पट्टी सांभाळून पाटावर बसले. भरलेल्या ताटाकडं बघत राहिले. एवढं वाढलेलं, आता टाकायचं कसं?

करिष्मानं शेजारून हात घातला. तीन पुऱ्या उचलून स्वतःच्या ताटात घेतल्या, श्रीखंडाची वाटी घेतली, भात अर्ध्याहून जास्त ओढून घेतला. तिचं ताट आधीच भरलेलं होतं.

गणराज म्हणाला, "अगं, हे काय?"

"अन्न टाकायचं न्हाई," ती म्हणाली. "रीतच हाय आमच्याकडं."

आणि खायला लागली, आवडीनं, मान खाली घालून, जशी लग्न होऊन आली तेव्हा खायची. मी माझी एक पुरी तोडली. किती वेळ पुरवून खाल्ली, मलाच ठाऊक.